देवदत्त घरी नाही

मीमांसकांचं एक जुनं उदाहरण आहे. देवदत्त जिवंत आहे, पण घरात नाही. म्हणजे तो बाहेर असला पाहिजे. शबरस्वामींच्या भाष्यापासून हे उदाहरण 'अर्थापत्ती' नावाचं प्रमाण समजावण्यासाठी वापरलं गेलं आणि पाठशाळांमधून पिढ्यान्‌पिढ्या घोकलं गेलं. शिकणाऱ्याचं लक्ष साहजिकच शेवटच्या पायरीकडे असतं : देवदत्त बाहेर असल्याचं न पाहताच कळलं कसं? पहिल्या पायरीवर सहसा कुणी थांबत नाही. तो घरात नाही, हे कुणी पाहिलं? पाहणारा दारापर्यंत गेला होता का?

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत हा प्रश्न आता रोजच्या व्यवहाराचा झाला आहे. मोबाइलवर संदेश येतो : 'डिलिव्हरीचा प्रयत्न केला, ग्राहक उपलब्ध नव्हता.' ग्राहक त्या वेळी ओसरीवर बसलेला असतो. फोन वाजलेला नसतो, फाटकाशी गाडी थांबलेली नसते. उलटही घडतं. पार्सल हातात पडतं, उघडलं जातं, वस्तू वापरात येते, आणि घेणारा कंपनीला कळवतो की मला काही मिळालंच नाही. पैसे परत येतात, वस्तूही राहते. पहिल्या खोट्यात ग्राहकाचे दिवस आणि विक्रेत्याचा परतीचा खर्च जातो, दुसऱ्यात कुणाची तरी रोजी कापली जाते. दोन्ही विधानं मात्र एकाच घडणीची आहेत. दोन्ही 'नाही' म्हणतात.

'आहे' म्हणणाऱ्याला वस्तू दाखवता येते. 'नाही' म्हणणाऱ्याकडे दाखवायला फक्त रिकामी जागा असते, आणि रिकाम्या जागेवर कुणाचीच खूण नसते. त्यामुळे 'नाही'चं खोटं बोलायला सोपं, पकडायला अवघड. पार्सलच्या व्यवहारातली फसवणूक कशी थांबवावी याची चर्चा बहुतेक वेळा कॅमेरा आणि कोड यांपासून सुरू होते. ती इथून सुरू व्हायला हवी : नसल्याचं ज्ञान माणसाला होतं तरी कसं, आणि ते झालं असं म्हणण्याचा अधिकार कुणाला?

सातव्या शतकातल्या कुमारिल भट्टांनी 'श्लोकवार्तिका'त अभावावर स्वतंत्र प्रकरण लिहिलं. डोळ्यांना असलेलं दिसतं, नसलेलं दिसत नाही. मग जमिनीवर घडा नाही हे कळतं कशानं? त्यांनी उत्तर दिलं की न आढळणं हेच इथे ज्ञानाचं साधन आहे, आणि त्याला सहाव्या प्रमाणाचं स्थान दिलं. मीमांसेतल्याच प्रभाकरांच्या अनुयायांनी ते मानलं नाही. नैयायिक म्हणाले, वेगळं प्रमाण कशाला, अभाव प्रत्यक्षानंच कळतो. बौद्ध तर्कपंडित धर्मकीर्तींनी न दिसण्याला अनुमानाचा हेतू मानलं. वाद कैक शतकं चालला. पण त्यातून एक अट सर्वांना कमीअधिक फरकानं मान्य झाली, आणि पार्सलच्या प्रश्नाचं सगळं सार तिच्यात आहे. वस्तू तिथे असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती असेल तरच तिच्या न दिसण्याला अर्थ आहे. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही म्हणून घडा नाही असं म्हणता येत नाही. आधी दिवा लावावा लागतो. या अटीला शास्त्रात 'योग्यता' म्हणतात.

आता तो शेरा पुन्हा वाचावा. 'ग्राहक उपलब्ध नव्हता' हे लिहिण्याची योग्यता कधी येते? लिहिणारा दारापर्यंत गेला, हाक मारली, फोन पुरता वाजू दिला, घरातलं माणूस मागच्या गोठ्यातून पुढे यायला जितका वेळ लागतो तितका थांबला, आणि तरी कुणी आलं नाही, तर. चौकातल्या चहाच्या टपरीवरून लिहिलेला शेरा अंधाऱ्या खोलीतला शेरा आहे. इथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. समजा, तो टपरीवर बसलेला असताना ग्राहक खरोखरच पुण्याला गेलेला होता. म्हणजे शेरा योगायोगानं वस्तुस्थितीशी जुळला. तरीही तो खोटाच. कारण शेऱ्यात ग्राहकाविषयी जेवढं सांगितलं आहे, त्याहून अधिक लिहिणाऱ्याविषयी सांगितलं आहे : मी गेलो, मी पाहिलं. ते घडलेलं नाही.

हीच अट आपल्या कायद्यातही उतरली आहे. बारामती आणि इंदापूरच्या न्यायालयांचा बेलिफ समन्स घेऊन जातो तेव्हा 'प्रतिवादी मिळाला नाही' एवढं लिहून त्याला सुटता येत नाही. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या पाचव्या आदेशाचा सतरावा नियम त्याच्याकडून योग्य ते परिश्रम मागतो. मग दारावर प्रत डकवावी, कोणत्या परिस्थितीत डकवली ते लिहावं, आणि घर कुणी ओळखून दाखवलं, कुणासमक्ष डकवलं, त्यांची नावं-पत्ते द्यावेत. नियम लिहिणाऱ्यांनी मीमांसा वाचली असेल असं नाही, पण अडचण तीच होती आणि उपायही तोच निघाला : नसल्याच्या विधानाला पाहण्याचा तपशील जोडा. पोस्टमनच्या शेऱ्याला तर त्याहून मोठं वजन आहे. चेक न वटल्याच्या नोटिशींबाबत सर्वोच्च न्यायालयानं २००७ साली सी. सी. अलवी हाजी खटल्यात हा प्रश्न तपासला. पत्ता बरोबर असेल आणि पाकीट रजिस्टर पोस्टानं पाठवलेलं असेल, तर 'घर बंद', 'घरी नाही', 'घेण्यास नकार' अशा शेऱ्यांनी परत आलेली नोटीसही बजावली गेली असं गृहीत धरता येतं. पोस्टमननं दारात उभं राहून लिहिलेल्या दोन शब्दांवर माणूस फौजदारी खटल्यात उभा राहू शकतो. इतका विश्वास पोस्टमनवर टाकला गेला, कारण तो त्याच बिटावर रोज जाई, घरं ओळखे, आणि त्याच्या मागे शिस्तीचं एक खातं उभं होतं.

पार्सल आणणाऱ्या तरुणाच्या मागे यातलं फारच थोडं असतं. आणि समोर जे असतं ते बिकट असतं.

नीरा डाव्या कालव्यानं या दोन तालुक्यांचा मोठा पट्टा बागायती केला. ऊस आला, आणि त्याबरोबर माणसं गावठाण सोडून आपापल्या रानात राहायला गेली. इथला पत्ता म्हणजे एखादी वस्ती, एखादा मळा, एखाद्या चारीचा नंबर. एकाच आडनावाच्या वस्त्या दोन-दोन, तीन-तीन. ऊस वाढला की पावसाळ्यानंतर घरं रस्त्यावरून दिसेनाशी होतात. पिनकोड इथे फारसा कामाला येत नाही. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली ही सहा आकड्यांची पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या टपाल खात्यातल्या मराठी अधिकाऱ्यानं रचली. ते संस्कृतचे नावाजलेले कवीही होते. त्यांच्या रचनेत बारामती ४१३१०२ आणि इंदापूर ४१३१०६, म्हणजे जिल्हा पुणे पण पहिले तीन आकडे सोलापूरचे. पाकीट पोस्टाच्या दारात अचूक आणून सोडणं हे त्या आकड्यांचं काम, आणि ते त्यांनी चोख केलं. तिथून वस्तीपर्यंतचा शेवटचा टप्पा माणसाच्या ओळखीवरच चालत आला आहे. गळीत हंगामात तर कारखान्यांच्या परिसरात ऊसतोड मजुरांच्या कोप्या पडतात. त्या कोपीतल्या एखाद्या मुलीनं मोबाइलवरून स्वेटर मागवला तर तिनं पत्ता काय लिहावा?

अशा रानात पोचलेल्या पार्सलमागे पैसे मिळत असतील आणि न पोचलेल्याचं पेट्रोल स्वतःच्या खिशातून जात असेल, तर लांबच्या वस्तीचा हिशेब काय होतो हे सांगायला नको. संध्याकाळ होते, पिशवीत पार्सलं उरतात, अॅपमध्ये प्रत्येकासमोर काहीतरी कारण निवडल्याशिवाय दिवस बंद होत नाही. कारणांची यादी वर कुठेतरी, मोठ्या शहरात बसून कुणी बनवलेली असते : ग्राहक उपलब्ध नाही, फोन लागत नाही, पत्ता अपूर्ण, ग्राहकानं नंतर आणायला सांगितलं. आषाढात तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी करत इंदापूरला येते. बेलवाडीला रिंगण होतं. त्या दिवशी मार्गावर वाहन जाणं शक्य नसतं आणि उचितही नसतं. 'पालखीमुळे रस्ता बंद' हे कारण यादीत नसेल तर खरं बोलू इच्छिणाऱ्यालाही खोटंच निवडावं लागतं. खोट्याचा पहिला धडा अनेकदा असा मिळतो. एकदा नाइलाजानं दाबलेलं बटण दुसऱ्यांदा सोयीनं दाबलं जातं. जी यंत्रणा खऱ्या उत्तराला जागाच ठेवत नाही, तिनं नंतर खोट्याबद्दल दंड करावा हे न्यायाला धरून नाही.

ग्राहकाच्या खोट्याला एवढी सबब नाही. पण तिथे माणूस स्वतःशी एक युक्तिवाद करतो : मी चोरी कुठे केली? पार्सल मला कुणीतरी आणूनच दिलं. मी फक्त मिळालं नाही असं म्हटलं. या युक्तिवादाचं उत्तर जैन आचारशास्त्रात फार नेमकं सापडतं. उमास्वातींच्या 'तत्त्वार्थसूत्रा'च्या सातव्या अध्यायात गृहस्थाच्या प्रत्येक व्रताचे पाच अतिचार, म्हणजे व्रत डागाळणाऱ्या पाच गोष्टी, मोजल्या आहेत. अस्तेयाखाली येतात चोराला प्रोत्साहन, चोरीचा माल घेणं, राज्याचे नियम ओलांडून व्यापार, खोटी मापं आणि भेसळ. कुणी विश्वासानं ठेवलेली ठेव बुडवणं, 'न्यासापहार', हे मात्र चोरीखाली येत नाही. ते येतं सत्यव्रताखाली. त्याच्याच शेजारी येतं 'कूटलेखक्रिया', खोटा लेख करणं. हे वर्गीकरण करणाऱ्यानं व्यवहार जवळून पाहिला असला पाहिजे. ठेव बुडवणाऱ्यानं कुणाच्या घरात हात घातलेला नसतो. वस्तू आधीच त्याच्याकडे असते. तो फक्त एक वाक्य बोलतो, आणि त्या वाक्यानं दुसऱ्याची वस्तू नाहीशी होते. 'मिळालंच नाही' म्हणणारा न्यासापहार करतो, टपरीवरून शेरा लिहिणारा कूटलेखक्रिया. दोघंही सत्याचेच अपराधी, आणि ग्राहकाच्या अंगावर वर चोरीही येते, कारण चोरीची व्याख्याच आहे : न दिलेलं घेणं. पैसे परत घेताच ती वस्तू त्याला दिलेली राहत नाही.

मग एकानं दिली म्हणावं आणि दुसऱ्यानं मिळाली नाही म्हणावं, तेव्हा सिद्ध कुणी करायचं? विज्ञानेश्वरानं कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात याज्ञवल्क्यस्मृतीवर जी 'मिताक्षरा' लिहिली, तीत प्रतिवादीच्या उत्तराचे चार प्रकार सांगून प्रत्येकाचा भार ठरवला आहे. नुसता नकार असेल तर पुरावा दावा करणाऱ्यानं द्यायचा. पण 'घेतलं होतं, परत केलं' असं कारण सांगितलं की भार कारण सांगणाऱ्यावर जातो. ही वाटणी समजूतदार आहे. जो 'नाही' म्हणतो त्याच्याकडे पुरावा नसतो हे ती ओळखते. जो काही केल्याचं सांगतो त्यानं ते दाखवावं. पार्सल दिलं म्हणणाऱ्यानं दिल्याचं दाखवावं. आणि 'प्रयत्न केला' हेही केल्याचंच विधान आहे, तेव्हा प्रयत्नाचा पुरावाही प्रयत्न करणाऱ्याच्या बाजूनंच यावा. घरी बसलेल्या ग्राहकाला 'तुम्ही घरी होता याचा पुरावा द्या' असं विचारणं म्हणजे भार उलटा टाकणं.

उपाय नाहीत असं नाही. पार्सल देताना ग्राहकाच्या फोनवर आलेला ओटीपी घेणं आता सवयीचं झालं आहे. टपाल खात्यानंही १ ऑक्टोबर २०२५ पासून स्पीड पोस्टला ओटीपीची सोय जोडली. महाग वस्तू असेल तर काही कंपन्या पेटी समोर उघडून दाखवतात आणि मगच कोड घेतात. दगड निघाल्याची किंवा रिकामी पेटी आल्याची तक्रार त्यानं खरीखोटी ठरवता येते. याहून महत्त्वाची सोय कमी ठिकाणी दिसते, ती म्हणजे न दिल्याचाही कोड. ग्राहकानं नकार दिला किंवा दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं, तर तो शेरा ग्राहकाच्या कोडशिवाय लागूच नये. ग्राहक भेटलाच नाही तर गाडी पत्त्यापासून किती अंतरावर, किती मिनिटं थांबली आणि फोन किती वेळ वाजला याची नोंद शेऱ्याला आपोआप जोडली जावी, आणि ती ग्राहकालाही दिसावी. शेवटची अट फार मोलाची आहे. आज नोंदी असतात, पण त्या कंपनीच्या पोटात असतात. बेलिफाचा अहवाल न्यायालयात उघडा असतो, तसा हा का नसावा?

तरीही यंत्राच्या पुराव्यावर सगळं सोपवून चालणार नाही. आर्याभारतात अवघं महाभारत आर्यावृत्तात उतरवणारे मोरोपंत १७९४ पर्यंत बारामतीत राहिले. द्रोणवधाची कथा त्या गावाला नवी नाही. अश्वत्थामा नावाचा हत्ती मेला होता, युधिष्ठिराचं वाक्य अक्षरशः खरं होतं, आणि जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ त्या वाक्यासरशी खाली टेकला. फोन एकदा वाजवून ताबडतोब तोडला तर नोंदीत 'फोन केला' हे खरंच उमटतं. दाराचा फोटो काढून पार्सल पुन्हा गाडीत टाकता येतं. वस्तू द्यायच्या आधीच 'कोड सांगा' म्हणता येतं, आणि वस्तीवरची आजी फोन कानाला लावून पुण्यात नोकरी करणाऱ्या नातवाला विचारून तो सांगतेही. पुराव्याची प्रत्येक नवी जात आपल्याबरोबर अर्धसत्याची एक नवी जात आणते. म्हणून पुरावा लागतोच, पण तो बोलणाऱ्याच्या जागी उभा राहू शकत नाही.

न्यायशास्त्रानं शब्दालाही प्रमाण मानलं, ते या कारणानं. विश्वासार्ह माणसाचं, आप्ताचं, वाक्य हे ज्ञानाचं स्वतंत्र साधन आहे. वात्स्यायनानं आप्ताची व्याख्या करताना जात-कुळ पाहिलं नाही : ज्यानं गोष्ट प्रत्यक्ष जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो आप्त, आणि हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ तिघांनाही सारखंच लागू. पाठीवर पिशवी घेऊन उन्हातान्हात वस्त्या हुडकणारा बावीस-तेवीस वर्षांचा मुलगाही या अर्थानं आप्त होऊ शकतो. त्याला तसं होऊ द्यायचं तर दोन गोष्टी लागतात. प्रत्यक्ष जाणण्यासाठी वस्तीपर्यंत जाण्याइतका वेळ आणि त्या फेरीचे पैसे, फेरी फुकट गेली तरी. आणि जसं जाणलं तसं सांगण्यासाठी यादीत एक मोकळी ओळ, जिथे तो मराठीत लिहील की ओढ्याला पाणी होतं, कुत्री सुटी होती, किंवा आज मला तिकडे जाणं झालं नाही. 'जाणं झालं नाही' हे खरं वाक्य लिहिल्याबद्दल दंड नसेल, तर 'ग्राहक नव्हता' हे खोटं वाक्य लिहिण्याचं कारणच उरत नाही.

यातही एक प्रसंग उरतो, आणि तोच सर्वांत अवघड आहे. दोघंही खरं बोलत असतात. एकाच आडनावाच्या दोन वस्त्या. पार्सल एका वस्तीवर दिलं गेलं, मागवलं होतं दुसरीनं. आणणारा म्हणतो दिलं, मागवणारी म्हणते मिळालं नाही. व्रत कुणाचंच मोडलेलं नाही, नुकसान मात्र झालेलं आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत यावर वाहकाचा नियम आहे : राजामुळे किंवा दैवामुळे नव्हे, तर अन्य कारणानं माल हरवला तर तो वाहून नेणाऱ्यानं भरून द्यावा. १८६५ च्या वाहकांविषयीच्या कायद्यातही माल न पोचल्यास वाहकाचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याची गरज मालकावर ठेवलेली नव्हती, आणि त्याची जागा घेणाऱ्या २००७ च्या कायद्यानं तेच धोरण चालू ठेवलं.

पण स्मृतीतला वाहक एक माणूस होता. आज तो विकणारं अॅप, कुरिअर कंपनी, तालुक्याच्या गावातला ठेकेदार आणि मोटारसायकलवरचा मुलगा असा चौघांत विभागला गेला आहे. भरपाईचा बोजा वरून खाली सरकत आला की शेवटी तो त्या चौथ्याच्या पगारातून वसूल होऊ शकतो. तुकोबांनी वडिलोपार्जित कर्जखतं इंद्रायणीत बुडवली तेव्हा धाकट्या भावाचा, कान्होबाचा, निम्मा वाटा आधी त्याला वेगळा काढून दिला, अशी कथा परंपरेनं जपली आहे. त्यांनी जे सोडून दिलं ते फक्त स्वतःचं होतं. ग्राहकाला विनातक्रार पैसे परत देणारी कंपनी उदार दिसते, पण तीच रक्कम चौकशीशिवाय पार्सल नेणाऱ्याच्या हिशेबातून कापली गेली तर ती कान्होबाचा वाटा नदीत टाकते. वाहक म्हणून उत्तरदायी तोच धरला जावा ज्याच्याकडे सगळ्या नोंदी आहेत, पत्त्याचा रकाना कसा असावा हे जो ठरवतो, आणि कारणांची यादी ज्याच्या हातात आहे. कपात करायचीच असेल तर त्याआधी त्या मुलाला नोंदी दाखवल्या जाव्यात, आणि चुकीची वस्ती त्याला कुणी, कशी दाखवली हे त्याच्या शब्दांत लिहून घेतलं जावं.